हेडफोनची केबल दुरुस्त करणं आणि नवी बनवणं: कामाचा क्रम

एका कानाचा आवाज गेला की बहुतेक जण पिन कापतात, बाजारातून नवी आणतात, तारांची टोकं लायटरने जाळतात आणि सोल्डर लावतात. शेवटी लक्षात येतं की पिनचं झाकण केबलमध्ये ओवायचं राहून गेलं. ते ओवायला जोड पुन्हा काढावे लागतात, आणि दोनदा तापलेल्या पिनचं आतलं प्लास्टिक मऊ होऊन सरकतं. एवढं करूनही कधी कधी आवाज येत नाही, कारण तार तुटलेली असते ती कानाजवळ.

या सगळ्या चुका क्रमाच्या आहेत. सोल्डरिंग हे या कामातलं सगळ्यात कमी वेळाचं काम. वेळ लागायला हवा तो बिघाड शोधायला, मोजायला आणि तारा तयार करायला.

गोव्यात त्यात हवेची भर पडते. पावसाळ्यातली ओल आणि समुद्राकडची खारी हवा यांमुळे केबलच्या आतलं तांबं काळं-हिरवं पडतं, आणि तशा तांब्यावर सोल्डर चढत नाही. जूनपासून पेटीत पडून राहिलेले हेडफोन साउंडवाले कार्तिकात जत्रांच्या नाटकांसाठी बाहेर काढतात, तेव्हा त्यातल्या काहींची हीच गत झालेली असते. म्हणून खाली जिथे तांब्याचा रंग बघायला सांगितला आहे, ती पायरी गाळू नका.

आधी हे बघा: कशाला कात्री लावू नये

यूएसबी-सी किंवा लाइटनिंग पिनच्या इअरफोनमध्ये बहुधा पिनच्याच आत एक छोटं सर्किट असतं. ती पिन कापून तिथे साधी ३.५ मिमीची पिन बहुधा चालते, पण ३.५ मिमीची कापून तिथे नुसती यूएसबी-सी किंवा लाइटनिंग पिन लावता येत नाही. ब्लूटूथ किंवा आवाज-रोधक हेडफोनमध्ये मीटरवर दिसणारे आकडे फसवे असतात, कारण मध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं. वॉरंटी शिल्लक असेल तर काहीही कापू नका.

केबल सुटी होणारी असेल तर दुरुस्तीपेक्षा नवी बनवणं बरेचदा सोपं. त्याबद्दल टप्पा ८ मध्ये.

टप्पा १: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा

आधी दुसरा हेडफोन त्याच फोनला लावा. तोही खरखरला तर दोष सॉकेटचा. खिशातला कापूस-धूळ सॉकेटच्या तळाशी दाबून बसते आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच काढा. सुई किंवा टाचणी नको.

दोष हेडफोनचाच असेल तर बातम्यांसारखं नुसतं बोलणं हळू आवाजात लावा. गाणं नको, गाण्यात डावी-उजवीकडे वेगवेगळी वाद्यं असल्याने कान चकतो. आता पिनपासून सुरुवात करून केबलचा दोन-दोन बोटांचा भाग हलकेच वाकवत वर जा. पिनपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, दोन फाटे फुटतात तिथे आणि कानाच्या कपात केबल शिरते तिथे, या तीन जागी सर्वाधिक तुटतं. जिथे वाकवल्यावर आवाज येतो-जातो, तिथे रंगीत टेपचा तुकडा लावून खूण करा.

लक्षणंही बरंच सांगतात:

- एकच कान बंद: त्या कानाची तार तुटली आहे.
- दोन्ही कान चालू, पण गायकाचा आवाज पोकळ किंवा गायब आणि मागची वाद्यं मात्र ऐकू येतात: दोघांची सामायिक ग्राउंड, म्हणजे परतीची तार, तुटली आहे. अशा वेळी दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो. गायक दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तोच नाहीसा होतो.
- दोन्ही कानांत अगदी एकच आवाज, डावं-उजवं काही नाही: डावी आणि उजवी तार एकमेकींना चिकटली आहे.
- फोनवरचं गाणं आपोआप थांबतं-सुरू होतं: माइकची तार ग्राउंडला लागते आहे.

दुसरं लक्षण ओळखता न आल्यामुळे किती तरी चांगले हेडफोन "स्पीकर गेला" म्हणून फेकले जातात.

टप्पा २: मीटरने खात्री करा

पिनची रचना पक्की लक्षात ठेवा. दोन काळ्या रेघांच्या साध्या स्टिरिओ पिनमध्ये टोक म्हणजे डावा, मधलं कडं म्हणजे उजवा आणि मुळाकडचा लांब भाग म्हणजे ग्राउंड. तीन रेघांच्या माइकवाल्या पिनमध्ये हल्ली चालणारा क्रम टोकाकडून असा: डावा, उजवा, ग्राउंड, माइक. याला सीटीआयए म्हणतात. काही जुन्या फोनमध्ये शेवटचे दोन उलटे असायचे, त्याला ओएमटीपी म्हणतात.

हेडफोन फोनपासून काढा. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब (मीटरच्या तारांची टोकं) एकमेकांना लावून मीटरचा स्वतःचा आकडा बघा. तो पुढच्या प्रत्येक मापातून वजा करायचा. मग:

१. टोक ते ग्राउंड: डाव्या कानाचा रोध.
२. कडं ते ग्राउंड: उजव्या कानाचा रोध.
३. टोक ते कडं: दोघांची साधारण बेरीज.

बऱ्याच इअरफोनवर १६ किंवा ३२ ओहम लिहिलेलं असतं. मीटरवर त्याच्या आसपासचा आकडा येतो, अगदी तोच नाही. काही स्टुडिओ हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचे असतात, त्यांना मीटर २००० वर लागतो. महत्त्वाचं हे की दोन्ही कानांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. प्रोब लावताच त्या कानात बारीक "टिक" ऐकू येते. टिक आली म्हणजे स्पीकर जिवंत आहे.

पहिली दोन मापं उघडी (म्हणजे जोडणीच नाही असं) दाखवतात आणि तिसरं बेरीज दाखवतं, तर ग्राउंड तुटली. माप एक ओहमच्या खाली आलं तर शॉर्ट, म्हणजे दोन तारा एकमेकींना लागल्या आहेत.

इशारा: मीटरच्या "बीप"वर विसंबू नका. अनेक मीटर तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं की वाजतात. ३२ ओहमचा धडधाकट स्पीकर लावला तरी बीप येते आणि लोक समजतात की शॉर्ट आहे. या कामात आकडा वाचायचा.

तपासा: तीनही मापं कागदावर लिहिली का? शेवटी याच आकड्यांशी ताळा करायचा आहे.

टप्पा ३: सामान

*सोल्डर:* आत राळ असलेली ६०/४० किंवा ६३/३७ ची (कथील/शिसं) तार, ०.८ मिमी किंवा त्याहून बारीक. ६३/३७ ची तार १८३ अंशांना वितळते आणि थेट घट्ट होते. नवशिक्यासाठी तीच बरी. यात शिसं असतं, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि कामाच्या टेबलावर खाणंपिणं ठेवू नका.

*सोल्डरिंग आयर्न:* तापमान ठरवता येणारा असेल तर उत्तम. नसेल तर २५ वॅटचा साधा चालतो. ६० वॅटचा साधा आयर्न पिनच्या आतलं प्लास्टिक वितळवतो.

*फ्लक्स (सोल्डर नीट चढावं म्हणून लावतात तो):* राळेचाच. पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स इथे कधीही नको. तो तांबं खात राहतो, आणि आपल्याकडच्या ओल्या हवेत आणखी वेगाने.

*पिन:* विकत घेण्याआधी केबलची जाडी मोजा आणि पिनच्या मागच्या भोकाशी जुळवा. फोनला जाड कव्हर असेल तर पिनचं झाकण त्या भोकात बसतं का तेही बघा. सोन्याचा मुलामा असलेली पिन आवाज सुधारत नाही, पण सोनं गंजत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने एवढ्या कारणासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत असं मला वाटतं.

बाकी: धारदार ब्लेड, बारीक कटर, चिमटा, दोन-तीन जाडीच्या श्रिंक ट्यूब (तापवल्या की आकसणाऱ्या नळ्या), आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पिन धरायला काहीतरी. लाकडाच्या ठोकळ्यात ३.५ मिमीचं भोक पाडून त्यात पिन उभी खोचावी, किंवा जुनं सॉकेट चिमट्यात पकडून त्यात पिन घालावी. सॉकेटची युक्ती जास्त चांगली, कारण धातू उष्णता ओढून घेतो आणि पिनचे आतले भाग जागचे हलत नाहीत.

टप्पा ४: कापा, तांबं बघा, ओवा

तुटलेल्या जागेच्या पुढे, चांगल्या बाजूला, तीन-चार सेंटीमीटर सोडून कापा. कापलेली जुनी पिन काम संपेपर्यंत टाकू नका. तिला राहिलेल्या तुकड्यातून कुठला रंग कुठे जातो ते मोजता येतं.

वरचं आवरण साधारण दोन सेंटीमीटर सोला. ब्लेड गोल फिरवून नुसती रेघ पाडा आणि आवरण वाकवून तोडा. आरपार कापलंत तर आतल्या तारांना चीर पडते आणि महिन्याभरात तिथेच तुटतं.

आता तांब्याचा रंग बघा. लालसर चकाकी हवी. काळं किंवा हिरवं दिसलं तर आणखी पाच सेंटीमीटर कापा आणि पुन्हा बघा. तीनदा कापूनही हिरवंच निघालं तर ती केबल सोडून द्या आणि नवी बनवा. घासून चकाकी आणता येते, पण आवरणाच्या आतलं गंजणं थांबत नाही.

इनॅमलच्या (वरून पातळ रोगणाचा थर असलेल्या) तारांना स्वतःचाच लाल, हिरवा किंवा निळा रंग दिलेला असतो. त्यांत गंज ओळखायचा तर टोक कापून त्याचा छेद बघा.

मग लगेच, आयर्न गरम करण्याच्याही आधी, या क्रमाने केबलमध्ये ओवा: पहिल्यांदा जाड श्रिंक ट्यूब, मग पिनचं झाकण, स्प्रिंग असेल तर ती झाकणाबरोबर, आणि शेवटी झाकणाच्या आत बसणारी प्लास्टिकची नळी. सगळं वीतभर मागे सरकवून टेपने अडवा, नाहीतर आयर्नच्या उष्णतेने श्रिंक ट्यूब तिथेच आकसते.

तपासा: झाकणाचे आटे पिनच्या बाजूला आहेत ना? उलटं ओवलेलं झाकण ही न ओवण्याइतकीच नेहमीची चूक आहे.

टप्पा ५: तारा तयार करा

सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथे फसतात.

प्लास्टिकचं आवरण असलेल्या जाड तारा सोप्या: तीन-चार मिलिमीटर सोला, पिळा, सोल्डरचा पातळ हात द्या. इअरफोनच्या आतल्या केसासारख्या रंगीत तारा मात्र वेगळ्या. त्या उघड्या दिसतात, पण प्रत्येक पेडावर इनॅमलचा थर असतो आणि मध्ये बळकटीसाठी नायलॉनचा धागा. तो थर काढल्याशिवाय जोड दिसतो चकचकीत आणि वीज जात नाही.

लायटरने जाळण्याची सवय सोडा. ज्योतीत तांबं काळं पडतं, बारीक पेड ठिसूळ होतात आणि वितळलेलं नायलॉन तांब्याला लपेटून बसतं. सँडपेपरने घासलं तर निम्मे पेड तुटतात. बरोबर रीत अशी:

१. नायलॉनचा धागा चिमट्याने वेगळा करून मुळाशी कापा.
२. पेड एकत्र पिळा, राळेचा फ्लक्स लावा.
३. आयर्न ३८० अंशांच्या आसपास ठेवा. टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्या.
४. तारेचं टोक त्या थेंबात दोन-चार सेकंद बुडवा. धूर निघेल आणि इनॅमल जळून सुटेल. तार रुपेरी झाली की बाहेर काढा. जळका मळ झटकून थेंब बदला आणि गरज पडली तर पुन्हा बुडवा.

तापमान ठरवता न येणाऱ्या आयर्नने हे जमतं, फक्त तो पूर्ण तापेपर्यंत थांबा. खिडकी उघडी ठेवा, धुरावर तोंड नेऊ नका.

आता रंगांचा प्रश्न. पुष्कळदा लाल उजवीकडे, हिरवा किंवा निळा डावीकडे आणि तांब्याच्या रंगाची तार ग्राउंडला असते. पण हा नियम नव्हे, रिवाज आहे. तयार केलेल्या टोकांवर मीटर लावून कुठली जोडी कुठल्या कानात टिक करते ते बघा. चार तारा असतील तर त्यात बहुधा दोन ग्राउंड असतात. साध्या पिनसाठी त्या एकत्र पिळायच्या. माइक असेल तर त्याची तार अशी ओळखा: ग्राउंड आणि माइक यांच्यामध्ये माप बरंच मोठं येतं, आणि मधलं बटण दाबलं की जवळजवळ शून्यावर उतरतं.

तपासा: प्रत्येक तारेचं नाव टेपच्या चिठ्ठीवर लिहिलं का? आकडे टप्पा २ शी जुळतात का? तोपर्यंत पिनला हात लावू नका.

टप्पा ६: जोडा

आयर्न आता ३२० ते ३५० अंशांवर आणा. जोड एक-दोन सेकंदांत झाला पाहिजे. होत नसेल तर वेळ वाढवू नका; आयर्न बाजूला घ्या, पिन थंड होऊ द्या, फ्लक्स लावा आणि पुन्हा करा.

१. ग्राउंडची मोठी पट्टी बारीक कानशीने थोडी खरवडा. काही पिनांचा मुलामा सोल्डर धरत नाही.
२. तार न लावता त्या पट्टीवर सोल्डरचा पातळ थर द्या. हिला सर्वाधिक उष्णता लागते, म्हणून ती मोकळी असतानाच तापवायची. पूर्ण थंड होऊ द्या.
३. टोकाच्या आणि कड्याच्या छोट्या पट्ट्यांवरही थर द्या.
४. डावी तार लावा, मग उजवी. तार पट्टीवर ठेवायची, आयर्न टेकवायचा, दोन्हीकडचं सोल्डर एक झालं की आयर्न काढायचा आणि तार तीन सेकंद हलू द्यायची नाही.
५. शेवटी ग्राउंड. आधीच थर असल्यामुळे क्षणात चिकटते.

आतल्या तारा थोड्या सैल ठेवा. मागच्या पंजांनी केबलचं बाहेरचं आवरण पकडलं पाहिजे, आतल्या तारा नव्हेत. ओढ आवरणावर यायला हवी. बारीक केबल पंजात सैल पडत असेल तर तिथे श्रिंक ट्यूबचे एक-दोन थर चढवून जाडी वाढवा. पकड हलक्या हाताने दाबा. जोरात दाबलेले पंजे आवरण फोडून आत शिरतात.

इशारा: एकही पेड शेजारच्या पट्टीकडे डोकावत असेल तर आत्ताच कापा. झाकण फिरवताना तो वाकतो आणि शॉर्ट होतो.

टप्पा ७: झाकण लावण्याआधी आणि लावल्यानंतर

टप्पा २ ची तीनही मापं पुन्हा घ्या. जुळली तर केबल हलवत हलवत आणखी एकदा घ्या. आकडा उड्या मारत असेल तर जोड कच्चा आहे. फ्लक्सचा चिकटपणा अल्कोहोलने पुसा. आतली नळी पुढे सरकवा, झाकण फिरवा आणि पुन्हा मोजा. झाकण लावल्यावरच शॉर्ट दिसला तर पट्टीवरचं सोल्डर उंच झालं आहे किंवा नळी जागेवर नाही.

पहिली चाचणी महागड्या फोनवर किंवा अॅम्प्लिफायरवर करू नका. जुना रेडिओ किंवा स्वस्त प्लेअर घ्या, आवाज अगदी कमी. बोलणं लावा: ते डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू आलं पाहिजे. पसरट, जागा न सापडणारं आणि खर्ज नसलेलं वाटलं तर एका कानाच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये आवाज पूर्ण डावीकडे सरकवून डावा कान डावाच आहे का ते बघा.

माइकवाल्या पिनमध्ये आवाज पोकळ येत असेल आणि बटण दाबून धरल्यावर ठीक होत असेल, तर ग्राउंड आणि माइक यांची अदलाबदल झाली आहे.

टप्पा ८: नवी केबल बनवायची असेल तर

जुन्या केबलचा नकाशा आधी. हेडफोनकडच्या प्रत्येक टोकापासून पिनच्या प्रत्येक भागापर्यंत मोजा आणि चित्र काढा. वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी वेगळी असते. उदाहरणार्थ, एकेजीच्या अनेक हेडफोनांवरच्या तीन खिळ्यांच्या मिनी एक्सएलआर या जोडणीत पहिला ग्राउंड, दुसरा डावा, तिसरा उजवा. काही इअरफोनांच्या एमएमसीएक्स या छोट्या गोल जोडणीत मधला बिंदू धन आणि भोवतालचं कडं ऋण. ऐकीव माहितीपेक्षा स्वतःचं माप खरं.

केबल आत चार वेगळ्या तारा असलेली घ्या, म्हणजे प्रत्येक कानाला स्वतःची ग्राउंड पिनपर्यंत मिळते. माइकसाठी बनलेली क्वाड (चार तारांची) केबल यासाठी चांगली. मोगामी कंपनीची २८९३ ही ४.८ मिमी जाड असते. कॅनरेची एल-४ई६एस ६ मिमी, आणि ती बऱ्याच ३.५ मिमीच्या पिनांत शिरत नाही. मोठ्या हेडफोनला या केबली शोभतात. कानात घालायच्या इअरफोनला त्या जड पडतात आणि कपड्यावर घासल्याचा आवाज कानात येतो. तिथे मऊ, बारीक तारांची वेणीच हवी. वेणीसाठी तार दहा-पंधरा टक्के जास्त कापा.

लांबी: चालताना वापरायला १.२ मीटर, टेबलावर दीड ते दोन. त्याहून लांब पायात येते.

क्वाड केबलमध्ये दोन-दोन तारांचा रंग सारखा असतो, त्यामुळे दोन फाटे करण्याआधीच मीटरने चारही वेगळ्या करून खुणा करा. फाट्यापाशी बाहेरची जाळी स्वच्छ कापा, एकही केस बाहेर राहू देऊ नका. हेडफोनला जाळीची गरज नसते. पिनकडे ती ग्राउंडला जोडली किंवा सोडली तरी चालतं. फाट्यावर आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब वापरा. ती घट्ट बसते आणि ओल आत जाऊ देत नाही. अर्थात ती, आणि दोन्ही फाट्यांवरच्या बारीक नळ्या, टोकं जोडण्याआधीच ओवलेल्या हव्यात.

इशारा: ४.४ मिमीसारख्या बॅलन्स्ड आउटपुटवरून (जिथे दोन्ही कानांचे ऋण वेगळे असतात) साध्या तीन भागांच्या पिनकडे जाणारी केबल बनवू नका. तिथे डाव्या-उजव्याचे ऋण एकत्र येतात आणि अॅम्प्लिफायर जळू शकतो.

काम झाल्यावर आयर्नच्या टोकावर ताज्या सोल्डरचा थर ठेवूनच तो थंड करा, नाहीतर पावसाळ्यात टोक गंजून काळं पडतं. केबल फोनभोवती आवळून गुंडाळू नका. तळहाताएवढे सैल वेढे घाला आणि सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवा. घामाने ओली झाली असेल तर आधी पुसा. दुसऱ्या दिवशी तीनही मापं शेवटची घ्या आणि त्याच कागदावर तारखेसह लिहून तो डब्यातच ठेवा. पुढच्या वेळी खरखर आली की तुलना करायला हाताशी राहील.